कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर: नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘स्कल बेस फ्रॅक्चर’ असं लिहून आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “हाड कधी जुळणार?” खरं सांगायचं तर या दुखापतीत हाडाची काळजी आम्हाला सगळ्यात कमी असते. त्या हाडातून काय काय जातं, त्याला चिकटून काय आहे आणि फटीतून काय गळतंय, याकडे लक्ष ठेवावं लागतं. न्यूरोसर्जरी वॉर्डाच्या बाहेर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तुमचा पेशंट समोर न पाहता हे लिहिलंय, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

कवटीचा तळ म्हणजे नेमकी कोणती जागा?

डोक्यावरून हात फिरवला की हाताला लागतो तो कवटीचा वरचा भाग. मेंदू ज्या हाडांवर टेकलेला असतो, तो तळ. तो बाहेरून दिसत नाही आणि दाबूनही कळत नाही. त्याचे तीन टप्पे आहेत. पुढचा टप्पा डोळ्यांच्या खोबणीच्या आणि नाकाच्या वर येतो. तिथलं हाड काही ठिकाणी इतकं पातळ असतं की उजेडात धरलं तर आरपार प्रकाश दिसतो, आणि मधोमध चाळणीसारखी भोकं असतात, ज्यातून वासाच्या नसा नाकात उतरतात. मधला टप्पा कानाच्या पातळीवर. तिथल्या टणक हाडात ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र, चेहऱ्याची नस आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी एवढं सगळं एकमेकांना खेटून बसलेलं असतं. मागचा टप्पा मानेच्या वर. तिथल्या मोठ्या छिद्रातून मेंदू खाली मज्जारज्जूला जोडला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेंदूचं जाड आवरण वरच्या कवटीपासून सहज सुटतं, पण तळाच्या हाडाला ते घट्ट चिकटलेलं असतं. त्यामुळे तळाला तडा गेला की आवरणही त्याच्याबरोबर फाटू शकतं. खालचे बरेचसे प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात.

इतक्या आतलं हाड मोडतं कसं?

जोराचा मार लागल्याशिवाय मोडत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा दुचाकीचा अपघात किंवा उंचावरून पडणं हे कारण असतं. कपाळावर किंवा कानाच्या वर बसलेल्या फटक्याचा तडा हाडातून खाली उतरतो. हनुवटीवरचा जबर मारही जबड्याच्या सांध्यातून थेट तळापर्यंत पोचू शकतो.

डोक्याला न लागताही हे होतं. कोकणात नारळाच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून माणूस पायांवर वा बसक्या अवस्थेत आपटतो, तेव्हा पाठीचा कणा खालून वर दाबला जातो आणि मागच्या मोठ्या छिद्राभोवती गोलाकार तडा जाऊ शकतो. मोटार शर्यतीत याची दुसरी तऱ्हा दिसते. धड पट्ट्यांनी सीटला जखडलेलं, पण डोकं मोकळं. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा डोकं पुढे फेकलं जातं. अमेरिकेतला नावाजलेला शर्यतपटू डेल अर्नहार्ट २००१ च्या डेटोना ५०० शर्यतीत शेवटच्या फेरीत गेला, तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरनेच. त्याच वर्षी या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेने डोकं आणि मान धरून ठेवणारं उपकरण चालकांना सक्तीचं केलं.

एक्स-रे तर नॉर्मल होता. मग हे फ्रॅक्चर आलं कुठून?

ते आधीपासूनच होतं. तळाची हाडं एक्स-रेत एकावर एक येतात आणि तडा त्यात लपतो. डोक्याच्या मारात साध्या एक्स-रेवर आता कुणी विसंबत नाही, आणि विसंबूही नये. तळासाठी सीटी स्कॅन लागतो, तोही एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा, हाड नीट दिसेल अशा पद्धतीने पाहिलेला. कानाच्या हाडाची शंका असेल तर त्याचा वेगळा स्कॅन सांगतात. “कालच तर सीटी झाला, आज पुन्हा कशाला?” असं नातेवाईक चिडून विचारतात, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं: काल मेंदूत रक्तस्राव आहे का ते पाहिलं, आज हाड पाहायचं आहे.

उलटही घडतं. स्कॅनमध्ये तडा दिसत नाही, पण पेशंटच्या अंगावर खुणा स्पष्ट असतात. अशा वेळी खुणांवर विश्वास ठेवायचा. डोक्याला मार लागलेल्या कुणाचा सीटी काढायचा हे ठरवणाऱ्या ‘कॅनेडियन सीटी हेड रूल’मध्येही या फ्रॅक्चरच्या खुणा जास्त धोक्याच्या गटात धरल्या आहेत, मग पेशंट व्यवस्थित बोलत का असेना.

त्या खुणा कोणत्या?

दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडणं. थेट डोळ्यावर मार बसला तर काळं लगेच पडतं, आणि बहुधा एकाच बाजूला. तळाच्या फ्रॅक्चरमध्ये रक्त आतून झिरपत येतं, म्हणून काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, दोन्हीकडे, पापण्यांच्या हद्दीत राहणारा काळा वेढा दिसतो. “कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा डोळे चांगले होते, वॉर्डात आल्यावर काळे पडले, इथे काही झालं का?” हा संशय आम्हाला ओळखीचा आहे. वॉर्डात काही झालेलं नसतं. रक्ताला वर यायला तेवढा वेळ लागतो.

कानामागच्या हाडावरचा निळसर डागही असाच उशिरा, एक-दोन दिवसांनी येतो. विल्यम हेन्री बॅटल या इंग्रज सर्जनच्या नावाने तो ओळखला जातो. उशीवर डोकं ठेवलेल्या पेशंटच्या कानामागे कुणी पाहतच नाही, म्हणून रोज पाहावं. याशिवाय कानातून रक्त येणं, पडद्यामागे रक्त साठणं, नाकातून किंवा कानातून पाणी येणं, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, एकाचे दोन दिसणं आणि अचानक बहिरेपण.

नाकातून पाणी येतंय. सर्दी आहे की मेंदूचं पाणी?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

मेंदूभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो, डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. एका वेळी तो साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो, त्यामुळे गळती असली तरी तो संपत नाही. तळाच्या फ्रॅक्चरमध्ये दहा ते तीस टक्के पेशंटमध्ये अशी गळती होते. कुणाची पहिल्याच दिवशी, कुणाची काही दिवसांनी, रक्ताची गुठळी विरघळल्यावर किंवा सूज उतरल्यावर सुरू होते.

सर्दीचं पाणी चिकट असतं, दोन्ही नाकपुड्यांतून येतं, सोबत शिंका असतात. मेंदूचं पाणी पातळ असतं, बहुधा एकाच नाकपुडीतून थेंब थेंब गळतं आणि पुढे वाकलं की वाढतं. सकाळी उठून दात घासायला बेसिनवर वाकल्यावर एकदम धार लागते, हे पेशंट स्वतः सांगतात. आडवं झाल्यावर ते घशात उतरतं आणि खारट चव येते. रुमालाकडेही पाहा: शेंबूड वाळला की कापड कडक होतं, हे पाणी वाळलं तर कापड मऊच राहतं. पाण्यात रक्त मिसळलेलं असेल तर गॉजवर मध्ये लाल ठिपका आणि भोवती फिकट कडं उमटतं. हे कडं संशय वाढवतं, पण एवढ्यावरून निदान करत नाहीत, कारण साध्या पाण्यात मिसळलेलं रक्तही तसंच पसरतं. साखर तपासायच्या पट्टीवरही भरवसा नको. अश्रूंत आणि रक्तात साखर असतेच.

खात्रीची तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन. हे प्रथिन नाकाच्या साध्या स्रावात सापडत नाही. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून सिस्टर बाटली देऊन “थेंब गोळा करा” म्हणतात, तेव्हा कंटाळा करू नका.

आणि एक चकवा. फ्रॅक्चर कानाच्या हाडाचं असलं तरी पाणी नाकातून येऊ शकतं. कानाचा पडदा शाबूत असेल तर ते कान आणि घसा जोडणाऱ्या नळीतून खाली उतरतं.

कानातून येत असेल तर कापूस घालू का? तेल?

तेल अजिबात नको. औषधाचे थेंब नकोत, कान धुणं नको, काडी नको. कापसाचा बोळाही आत ठासू नका. गळती बंद होत नाही, फक्त आत साचते आणि जंतूंना वाट मिळते. बाहेरून स्वच्छ गॉज सैल ठेवा आणि भिजला की बदला. किती वेळा बदलला ते डॉक्टरांना सांगा. कानाची गळती नाकाच्या गळतीपेक्षा लवकर थांबते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

गळती थांबण्यासाठी ऑपरेशन लागतं का?

बहुतेकांना नाही. डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश उंच ठेवून झोपवलं, जोर पडू दिला नाही, तर गळती बहुतेकदा सात ते दहा दिवसांत आपोआप थांबते. न थांबल्यास कमरेतून बारीक नळी घालून काही दिवस पाणी बाहेर काढतात, म्हणजे फटीवरचा दाब कमी होतो. तरीही चालूच राहिली तर ऑपरेशन. आता ते पुष्कळदा नाकातून दुर्बिणीने होतं; मांडीचं आवरण, चरबी किंवा नाकातलंच अस्तर लावून फट बुजवतात. यशाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. हाड खूप विखुरलं असेल किंवा मेंदूतला रक्तस्रावही काढायचा असेल तर कवटी उघडावी लागते.

इतका धोका आहे, तर अँटिबायोटिक का देत नाहीत?

धोका खरा आहे. आवरण फाटलं की नाकातले आणि कानातले जंतू मेंदूपर्यंत पोचू शकतात, त्यातून मेनिंजायटिस होतो, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग. बहुतेकदा न्यूमोकोकस हा जंतू असतो, आणि गळती आठवड्यापेक्षा जास्त चालली की धोका चढत जातो. पण आधीच अँटिबायोटिक देऊन मेनिंजायटिस टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही तसा पुरावा मिळाला नाही. उलट नाकातले साधे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि मग संसर्ग झालाच तर औषध सापडत नाही. “बाहेरच्या डॉक्टरांनी महागडं इंजेक्शन लिहून दिलं होतं, तुम्ही बंद का केलं?” याचं उत्तर हे आहे. न्यूमोकोकसच्या लशीबद्दल मात्र जरूर विचारा. गळती असणाऱ्यांना ती घ्यायला सांगतात.

नाकातून नळी का घातली नाही? पेशंट उपाशी आहे.

पुढच्या तळाला तडा असेल तर नाकातून सरकवलेली नळी पोटात जाण्याऐवजी फटीतून कवटीत शिरू शकते. अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून नळी तोंडातून घालतात. थोडं विचित्र दिसतं, पण तेच बरोबर आहे.

चेहरा वाकडा झालाय. अर्धांगवायू आहे का?

हातपाय व्यवस्थित हलत असतील आणि कपाळासकट चेहऱ्याची एक बाजू लुळी असेल, तर बहुधा कानाच्या हाडातून जाणारी चेहऱ्याची नस दुखावली आहे. इथे एकच माहिती सोन्याच्या मोलाची असते: चेहरा अपघाताच्या क्षणापासून वाकडा होता की नंतर झाला? नंतर, दोन-चार दिवसांनी झाला असेल तर नसेला सूज आली आहे. औषधांनी बहुतेक जण बरे होतात. पहिल्यापासून पूर्ण लुळा असेल तर नस तुटलेली किंवा हाडाच्या तुकड्याने दाबलेली असू शकते. मग नसेची विद्युत तपासणी करून ऑपरेशनचा विचार होतो. पेशंट बेशुद्ध असेल तर हे कुणाच्याच ध्यानात येत नाही, म्हणून अपघातस्थळी किंवा रुग्णवाहिकेत ज्याने त्याला पाहिलं त्याला आठवून विचारा. अपघातानंतर मोबाइलवर काढलेला फोटोही कामी येतो.

डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब आणि रात्री मलम लावून पट्टी, हे विसरू नका. नस बरी होते, पण तोवर कोरडा पडलेला बुबुळाचा पडदा कायमचा खराब होऊ शकतो.

नसेच्या सुजेसाठी स्टिरॉइड देतात, म्हणून मेंदूच्या माराला पण द्या, असा आग्रह धरू नका. दहा हजारांवर पेशंटच्या ‘क्रॅश’ या चाचणीत २००४ साली दिसलं की डोक्याच्या मारात स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले.

ऐकू कमी येतंय आणि चक्कर येते. परत येईल का?

पडद्यामागे रक्त साठल्यामुळे ऐकू येत नसेल तर काही आठवड्यांत ते शोषलं जातं आणि ऐकू येऊ लागतं. महिना-दीड महिन्यानंतरही कमीच असेल तर कानातल्या तीन इवल्या हाडांची साखळी निखळली आहे का ते पाहतात. ती ऑपरेशनने जोडता येते. आतल्या कानातूनच तडा गेला असेल तर बहिरेपण सहसा कायमचं राहतं, आणि हे सांगताना आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल तर कानातले कण सरकलेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते जागेवर आणतात, गोळ्या लागत नाहीत.

वास येत नाही.

वासाच्या नसा चाळणीच्या भोकांतून जाताना तुटतात. काहींना काही महिन्यांत थोडाफार परत येतो, पुष्कळांना येत नाही. पेशंट हे क्वचितच तक्रार म्हणून सांगतो. “जेवणाला चव नाही” म्हणतो. घरात गॅस वापरत असाल तर गळती सांगणारा अलार्म लावून घ्या. एकट्या राहणाऱ्या पेशंटने तर नक्कीच. शिळं अन्न वासाने ओळखता येणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

डोळा लाल होऊन बाहेर आलाय आणि कानात नाडीसारखा आवाज येतो. थांबू का चार दिवस?

थांबू नका. मोठ्या धमनीला आतल्या आत भोक पडून तिचं रक्त शेजारच्या शिरांच्या जाळ्यात घुसत असेल तर असं होतं. ते अपघातानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही सुरू होऊ शकतं. नजर जाऊ शकते. मांडीतून किंवा मनगटातून तार घालून आतून भोक बंद करतात. धमनीच्या वाटेवरून तडा गेला असेल तर डॉक्टर सुरुवातीलाच सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, सांगतात. धमनीच्या अस्तराला चीर पडून गुठळी झाली तर पेशंटला अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो, म्हणून हा खर्च टाळू नका.

घरी आल्यावर काय टाळायचं?

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. कुंथायचं नाही, म्हणून पोट साफ राहील असं औषध वेळेवर. जड बादली उचलणं, खाली वाकून फरशी पुसणं, दोन्ही बंद.

आता आपल्याकडच्या गोष्टी, ज्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या नसतात. शंख फुंकू नका. कपालभाती, भस्त्रिका आणि जोरकस प्राणायाम डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नको. जलनेती आणि नाकात औषधी तेल सोडणं तर मुळीच नको. फाटलेल्या वाटेने ते कुठे जाईल याचा नेम नाही. तपकीर आणि दारू बंद. पोहणं बंद, नदीत बुडी नको. हे सगळं किमान सहा आठवडे, गळती झाली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस.

विमानाने प्रवास चालेल का?

कवटीत हवा शिरली असेल तर नाही. उंचावर हवा फुगते आणि मेंदूवर दाब येतो. स्कॅनमध्ये हवा गेली आणि गळती थांबली, याची खात्री झाल्यावरच तिकीट काढा. परदेशातल्या मुलाकडे जायचं ठरलेलं असेल तर पुढे ढकला.

लहान मुलांतही असंच असतं का?

बहुतेक तसंच. मुलांमध्ये गळती कमी दिसते, कारण कपाळातल्या आणि नाकाभोवतीच्या पोकळ्या पूर्ण तयार झालेल्या नसतात. पण मूल “पाणी घशात येतंय” असं सांगत नाही. उशीवर ओला डाग दिसतो का ते पाहावं लागतं.

हेल्मेट होतं, तरी हे झालं?

होऊ शकतं. हेल्मेट कवटीच्या वरच्या भागाचं आणि मेंदूचं बरंच रक्षण करतं. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट मात्र पहिल्या धडकेतच उडून जातं, आणि मग ते असून नसल्यासारखंच. पूर्ण चेहरा झाकणारं, भारतीय मानक आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं घ्या, आणि मागे बसणाऱ्यालाही द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये दोघांनाही सक्ती आहे.

खर्च आणि पोलीस केस यांचं काय?

रस्ते अपघात असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतंच, त्यासाठी उपचार थांबवत नाहीत आणि थांबवता येत नाहीत. २०२५ मध्ये केंद्र सरकारने लागू केलेल्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनाशुल्क मिळतात. भरती करतानाच त्याबद्दल विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवरही चौकशी करा. जखमीला आणून सोडणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे.

कधी ताबडतोब परत यायचं?

ताप आणि मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, पेशंट झोपाळू किंवा बरळू लागणं, फिट येणं, डोकं वाढत्या प्रमाणात दुखणं, उलट्या, थांबलेलं पाणी पुन्हा सुरू होणं, नजर अधू होणं, गिळताना ठसका किंवा आवाज बसणं. यातलं एकही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, कॅज्युअल्टीत या किंवा १०८ ला फोन करा.

सगळं बरं झालं. पुढे कुठल्या डॉक्टरांना हे सांगायची गरज आहे का?

आहे, आणि आयुष्यभर आहे. बाहेरून भरलेली फट कधी कधी आत पातळ अस्तराने झाकलेली असते, आणि दहा-दहा वर्षांनीही साध्या सर्दीच्या निमित्ताने मेनिंजायटिस होऊ शकतो. एकदा मेनिंजायटिस होऊन बरा झाला आणि पुन्हा झाला, तर आधी जुन्या अपघाताची गळती शोधतात. सायनसचं ऑपरेशन करणाऱ्या नाक-कान-घसा तज्ज्ञांना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि ताप घेऊन ज्यांच्याकडे जाल त्या फॅमिली डॉक्टरांना “माझ्या कवटीच्या तळाला फ्रॅक्चर झालं होतं” हे वाक्य स्वतःहून सांगा. सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि ऐकण्याच्या तपासणीचा पहिला आलेख एकाच फायलीत ठेवा. सीडी वाचता येईनाशा होतात, म्हणून स्कॅनच्या प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.